दुवा

मराठी माणूस स्तुतीच्या बाबतीत हात आखडता घेतो, हे सर्वश्रुत आहे. आमटी कितीही फर्मास झालेली असो, यजमानिणीने ‘कशी झाली आहे?’ असे विचारल्याखेरीज तो तोंड उघडत नाही. आणि उघडले तरी ‘बरी झाली आहे’ एवढ्यावर भागवतो. हा ‘बरी’ शब्द आपल्याकडे तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्या मजल्यांवर राहतो. तो या वेळी कोणत्या मजल्यावरून बोलतो आहे, हे ऐकणाराने सुरावरून ताडायचे असते. घरातल्या बायकांना ते बरोबर ताडता येते. म्हणूनच ‘बरी’ म्हणणाऱ्याच्या वाटीत न मागता आणखी एक पळी आमटी पडते.

न मागता पडलेली ही पळी मला फार अर्थपूर्ण वाटते. दाद देणाऱ्याला मिळालेले ते बक्षीसच आहे. पण ते आधी ठरलेले नव्हते, आणि ज्या पदार्थाला दाद दिली त्याच पदार्थाचे ते आहे. समजा, पाने मांडतानाच यजमानिणीने जाहीर केले असते की, जो आमटीची तारीफ करील त्याला अकरा रुपये दक्षिणा मिळेल, तर? तारीफ उदंड झाली असती. आमटी मात्र कोणी नीट चाखून पाहिली असती की नाही, याची मला शंका आहे.

लिहिणाऱ्या माणसाची अवस्था या यजमानिणीहूनही बिकट असते. तिला जेवणाराचे तोंड तरी समोर दिसते. लेखकाला तेही दिसत नाही. एके काळी तो पोस्टमनची वाट पाही. काही हौशी लेखक परिचितांना जोडकार्ड पाठवीत. अर्धे कार्ड आपल्या मजकुराचे आणि अर्धे कोरे, उत्तरासाठी. त्यात लाच नव्हती, सोय होती. उत्तर देणाऱ्याचा खर्च वाचे, पण त्याच्या पदरात काही पडत नसे. आता इंटरनेटमुळे लेख लिहून झाला की त्याच घटकेला जगापुढे ठेवता येतो, आणि त्याच्या खाली अभिप्रायासाठी एक पांढरी चौकट आयती तयार असते. दुःख एवढेच की, ती बहुधा पांढरीच राहते. किती जण वाचून गेले याचा आकडा दिसतो. पण दारावरून गेलेल्या माणसांची संख्या मोजून घराचे एकटेपण कमी होत नाही.

माझे एक स्नेही आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यावर ते इंटरनेटवर लिहू लागले. लहानपणची चाळ, तिच्यातली माणसे, गच्चीवर वाळत घातलेले पापड, असे त्यांचे विषय. लिहितात सुरेख. पण चार महिने झाले तरी चौकट कोरीच. शेवटी त्यांनी आपल्या पुतण्याला गाऱ्हाणे सांगितले. हा पुतण्या दुकानदारांना इंटरनेटवर गिऱ्हाईक मिळवून देण्याचा व्यवसाय करतो.

‘‘काका, फुकट बोलायला आज कोणाला वेळ आहे?’’ तो म्हणाला, ‘‘बोलणाऱ्याला काहीतरी द्या.’’

‘‘काय देऊ? चहा?’’

‘‘दुवा द्या.’’

काकांना वाटले, पुतण्या थट्टा करतो आहे. वयाच्या बासष्टाव्या वर्षी दुवा देण्याखेरीज ते आणखी काय करणार होते? पण पुतण्याच्या मनातला दुवा निराळा होता. आपल्या भाषेत दोन दुवे आहेत. एक अरबी ‘दुआ’पासून आलेला, म्हणजे आशीर्वाद, दुसरा साखळीचा, एका कडीला दुसरी कडी जोडणारा. इंटरनेटवाल्यांनी हा दुसरा उचलला. एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारी वाट, म्हणजे दुवा.

या वाटेला किंमत कशी आली, ते ऐकण्यासारखे आहे. 1998 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी एक पद्धत मांडली. एखाद्या पानाचे वजन ठरवायचे ते त्याच्याकडे किती पाने बोट दाखवतात, आणि बोट दाखवणारी पाने स्वतः किती वजनदार आहेत, यावरून. कल्पना विद्वानांच्या तळटीपांवर बेतलेली होती. ज्या ग्रंथाचा दाखला पुष्कळ जण देतात तो महत्त्वाचा, हा हिशेब युजीन गारफील्ड यांनी 1964 साली विज्ञानातल्या दाखल्यांची मोठी सूची काढून आधीच घालून दिला होता. पेज आणि ब्रिन यांच्या पद्धतीवर गूगल उभे राहिले, आणि दुवा म्हणजे एक मत झाले. ज्याला मते अधिक, तो शोधणाऱ्याला आधी दिसणार. आणि आधी दिसेल त्याचाच माल खपणार.

मताला किंमत आहे म्हटल्यावर मत मागणारे दारोदार हिंडू लागले. कोणाच्याही लेखाखालच्या चौकटीत शिरून आपल्या दुकानाचा पत्ता चिकटवून जायचे, असा सपाटा सुरू झाला. ‘येथे जाहिराती लावू नयेत’ असे लिहिलेल्या भिंतीची आपल्या शहरांत जी दशा होते, तीच या चौकटींची झाली. तेव्हा 2005 च्या जानेवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टचे एमएसएन या तिघांनी एक खूण मान्य केली. तिचे नाव ‘नोफॉलो’. ही खूण दुव्याला लावली की त्याचा अर्थ, ‘वाट आहे, पण हे माझे मत समजू नये.’ 2019 साली गूगलने या खुणेकडे आज्ञा म्हणून न पाहता सूचना म्हणून पाहायचे ठरवले, आणि वाचकांनी घातलेल्या दुव्यांसाठी आणखी एक वेगळी खूण सुचवली. काही लेखकांना मात्र पहिल्या खुणेतच आमिषाची संधी दिसली. आपल्या चौकटीतून ती काढून टाकायची आणि वर पाटी लावायची, ‘या, बोला. तुमच्या नावाला जोडलेला दुवा इथे मोजला जाईल.’ पुतण्याची तोड ती हीच.

पाटी लागली, आणि आठवड्याभरात चौकटी वाहू लागल्या. स्नेह्यांनी मला मोठ्या आनंदाने फोन केला. मीही वाचायला बसलो. पहिले पाचसहा अभिप्राय वाचून बरे वाटले. पुढे मला मौज वाटू लागली. सगळ्यांची भाषा एक. ‘अतिशय माहितीपूर्ण लेख.’ ‘आपली शैली आवडली.’ ‘असेच लिहीत राहा.’ आणि लिहिणाऱ्यांची नावे? एकाचे नाव होते ‘पाण्याच्या टाकीची सफाई’, दुसऱ्याचे ‘स्वस्त विमान तिकिटे’, तिसऱ्याचे ‘सांधेदुखीवर खात्रीचा उपाय’. आईबापांनी बारशाला अशी नावे ठेवल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

मौज फार दिवस टिकली नाही. पुढच्या महिन्यात स्नेह्यांनी आपल्या आईच्या शेवटच्या दिवसांवर लिहिले. मी त्यांचे इतके संयमाने लिहिलेले दुसरे काही वाचलेले नाही. त्या लेखाखाली सर्वांत आधी ‘पाण्याच्या टाकीची सफाई’ने लिहिले होते, ‘फारच उपयुक्त माहिती. धन्यवाद!’

त्या रात्री स्नेही एकेक अभिप्राय पुसत बसले. पुसता पुसता त्यांचे बोट एका जागी थबकले. चाळीत समोरच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबातल्या एका बाईंनी लिहिले होते. पत्ता नाही, दुवा नाही, चारच ओळी. शाळेतून घरी आल्यावर आई कामावर असायची, तेव्हा तुमच्या आईने आपल्या तव्यावरचे थालीपीठ मला रोज अर्धे दिले, असा मजकूर. तीन आठवड्यांपूर्वीची ती नोंद होती. टाकीच्या आणि तिकिटांच्या गर्दीत ती त्यांच्या नजरेला पडलीच नव्हती. खोटे नाणे खऱ्याला बाजारातून हाकलते, असे अर्थशास्त्रवाले म्हणतात. स्नेह्यांनी बँकेत उभा जन्म काढला होता. त्यांना मी हे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

टाळ्या विकत घेण्याचा धंदा तसा फार जुना आहे. रोमचा सम्राट नीरो याला गाण्याचा शौक होता. त्याने टाळ्यांसाठी पाच हजारांहून अधिक तरुण नेमले, त्यांच्या तुकड्या पाडल्या आणि त्यांना टाळ्यांचे प्रकार शिकवले, असे इतिहासकार सुएटोनियस लिहून ठेवतो. मधमाश्यांच्या गुंजारवासारखी टाळी वेगळी, कौलांसारखी वेगळी, विटांसारखी वेगळी. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये तर नाटकगृहांना टाळीवाले पुरवण्याची रीतसर व्यवस्था होती. त्यांत वेळेवर हसणारे निराळे, रुमाल डोळ्यांना लावणाऱ्या बायका निराळ्या, आणि ‘पुन्हा, पुन्हा’ म्हणून ओरडणारे निराळे. नीरोला खरा आवाज कोणता आणि पगारी कोणता हे शेवटपर्यंत कळले असेल का? मला त्याची कीव येते ती इथे. विकत घेतलेल्या टाळीने फसतो तो प्रेक्षक थोडा, गायक अधिक.

‘‘पण बक्षिसाने उत्साह वाढतोच की!’’ असे तुम्ही म्हणाल. याची एक सुंदर परीक्षा 1973 साली प्रसिद्ध झाली. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रे काढण्याची मनापासून आवड असलेली मुले निवडली आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितले की, चित्र काढलेत तर सोनेरी तारा आणि लाल फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता चित्र काढून झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी रंगीत पेने पुन्हा वर्गात मांडली, तेव्हा पहिल्या गटातली मुले इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. अकल्पित बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र जराही कमी झाली नव्हती.

म्हणजे दोष बक्षिसाचा नव्हे; दोष पाटीचा. आधी भाव सांगितला की खेळाचे काम होते आणि गप्पांचा सौदा. आम्हा प्राध्यापकांना याचा अनुभव वेगळा सांगायला नको. 2010 साली आमच्या बढतीसाठी शोधनिबंधांना गुण देण्याचे नियम आले, आणि पाहता पाहता पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. निबंध वाढले, वाचणारे तेवढेच राहिले.

मग दाद देणाऱ्याला काहीच द्यायचे नाही काय? तसे मला म्हणायचे नाही. आपल्या संगीत रंगभूमीने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. बालगंधर्वांच्या नाटकांत वन्समोअरवर वन्समोअर पडत आणि खेळ रात्रभर लांबत जाई. वन्समोअर देणाऱ्याला काय मिळे? तेच पद पुन्हा, आणि कधी एखादी नवी जागा घेऊन. दादीचे बक्षीस त्याच नाण्यात. याहून न्याय्य व्यवहार मला ठाऊक नाही. गाण्याला दाद दिली तर गाणे मिळावे, शब्दाला दाद दिली तर शब्द मिळावा. दुसरे नाणे टेबलावर ठेवले की त्या नाण्याचे गिऱ्हाईक येते, आणि त्याला तुमच्या गाण्याशी कर्तव्य नसते.

स्नेह्यांनी पाटी काढली, खूण पुन्हा लावली आणि त्या बाईंना मोठे पत्र लिहिले. त्यातून त्यांना चाळीच्या मागच्या विहिरीची हकीकत कळली, आणि तिच्यावर त्यांनी पुढचा लेख लिहिला. त्या लेखाच्या अंगातच एक वाक्य आहे, ‘ही आठवण मला अमुक बाईंनी दिली.’ बाई घरी लोणची-मसाले करून विकतात, हे त्यांना पत्रव्यवहारातून समजले. त्यांनी त्यांच्या नावाला दुवा जोडला, तोही खूण न लावता. दुवा तोच, पण तो आता मोबदला राहिला नव्हता. ती तळटीप होती, साक्ष होती. ‘मी या व्यक्तीला ओळखतो आणि तिच्याकडे बोट दाखवतो’ असे एका माणसाने स्वतःच्या जबाबदारीवर म्हटलेले. गूगलच्या मूळ कल्पनेलाही अभिप्रेत होता तो असाच दुवा. अभिप्राय आता त्यांना महिन्याला चारपाच येतात. ते सगळ्यांना उत्तरे लिहितात. कधी उत्तर लेखाहून लांब होते.

माझ्या लहानपणी आमच्या आळीत गुरुवारी एक फकीर येई. त्याची आरोळी मला अजून आठवते. देणाऱ्याचे भले होवो म्हणून तो थांबत नसे. न देणाऱ्याचेही भले होवो, असे तो पुढे म्हणे. ‘पीठ घाला, दुवा मिळेल’ अशी पाटी त्याच्या झोळीवर नव्हती, आणि म्हणूनच त्याचा दुवा घ्यावासा वाटे. साखळीचा दुवा आणि फकिराचा दुवा हे कोशात दोन वेगळे शब्द आहेत खरे. पण माणसामाणसांत जोडला जातो तो दुवा बहुधा या दोन्ही अर्थांनी एकाच वेळी खरा असतो.