हौसेचं मोल

आज डॅटसन २४०झेडचा पुढचा उजवा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक धरणारा खांब, सोडवला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची गाडी, वजन जेमतेम टनभर आणि चारही चाकांना स्ट्रट. म्हणून घरच्या घरी कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारी स्प्रिंग, करायला सोयीची. हौसेला मोल नसतं म्हणतात. तयार संचाची किंमत पाहिली की असतं, हे पटतं.

काम तसं सरळ. स्प्रिंग दाबणारा कॉम्प्रेसर लावून जुनी स्प्रिंग काढायची, तिची बैठक ग्राइंडरने उतरवायची. आतला शॉक आणि तेल काढून स्ट्रटच्या नळीवर पोलादी कडी वेल्ड करायची. तिच्यावर बसणारी आटे पाडलेली बाही अ‍ॅल्युमिनियमची. ती पोलादाला वेल्ड होत नाही, कडीवर नुसती टेकते. तिच्यावर अडीच इंच आतल्या व्यासाची रेसिंग स्प्रिंग. बाहीवरचा खालचा नट फिरवला की गाडी वर-खाली.

मोह आवरायचा तो इथेच. गाडी फार उतरवली तर शॉकला दबायला जागाच उरत नाही. मग नळी कापून आखूड करा, आत आखूड शॉक घाला. स्प्रिंग कडक आणि शॉक जुनाच असला, तर खड्डा गेला तरी गाडी उसळतच राहते. आणि नट फिरवून एकच कोपरा उचलला, की तिरक्या समोरच्या चाकावरचाही भार वाढतो.

पैसे वाचवायचे ते बाहीत, स्प्रिंगमध्ये. वेल्डिंगमध्ये नाही. त्या कडीवर गाडीचा अख्खा कोपरा उभा राहतो. ती मी मुरलेल्या वेल्डरकडूनच लावून घेणार, आणि तो मागेल ते देणार.