वेताळाच्या चपला

इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांचा एक बांधीव गठ्ठा उसना मिळाला आणि वाचताना गंमत वाटली. यातली माणसं फार विसरभोळी. चाच्यांनी वेताळाच्या प्रेयसीला, डायनाला पळवलंय हे त्याला ठाऊक, आपल्याला ठाऊक, त्याच्या घोड्यालासुद्धा ठाऊक. तरी चार चौकटी झाल्या की कुणीतरी तेच पुन्हा सांगतं.

दोष त्यांचा नाही. ली फॉकचा फँटम, म्हणजेच आपला वेताळ, मुळात अमेरिकी वृत्तपत्रातला. 17 फेब्रुवारी 1936 पासून रोजची पट्टी, 28 मे 1939 पासून रविवारचं रंगीत पान. आठवड्याला एकच पान म्हटल्यावर मागली हकीकत थोडक्यात सांगणं आलंच. एकेक गोष्ट महिनोन्महिने चालायची. आपल्याकडे 1964 मध्ये इंद्रजाल सुरू झालं, पुढे ते साप्ताहिकही झालं. पण आपल्या हाती गोष्ट सलग पडायची, मधले रविवार गाळून.

माझी आजी वेंगुर्ल्याकडची. लहानपणी माझं हे अंक वाचणं तिला अजिबात पसंत नव्हतं. तिन्हीसांजेला अंक उघडला की ती म्हणायची, "वेताळाचा नाव असा काय घेतंस?" तिचा वेताळ म्हणजे आरवलीचा वेतोबा. देवळात उंच काळी मूर्ती, पुढ्यात नवसाचे केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला. माणसाच्या पायाला होणार नाहीत एवढ्या. वेतोबा रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा. लहानपणी मी तिथे एक जोड उलटा करून तळ बघायला गेलो, तर आजीनं असा हात धरून ओढलं की मनगटावर तिच्या बांगड्यांचे वळ उठले. बाहेर आल्यावर तिनं माझ्या अंकाचं मुखपृष्ठ निरखून पाहिलं. जांभळा अंगरखा, मुखवटा, कवटीची अंगठी, कमरेला दोन पिस्तुलं. सगळं पाहून झाल्यावर तिची एकच शंका: "राखण करता, तर चलत कित्याक नाय? घोडो कित्याक?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हा एकविसावा वेताळ, बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो, म्हणून लोकांना तो अमर वाटतो, हे मी तिला समजावून सांगितलं. तिला ते फसवणुकीचं वाटलं. देव असा पिढीजात नोकरीवर लागत नाही, हे तिचं म्हणणं.

चित्रकारही असेच एकामागून एक आले: रे मूर, मग विल्सन मॅककॉय, 1961 पासून साय बॅरी. बॅरीचा हात सफाईदार, त्याचा वेताळ देखणा. मला मात्र मॅककॉयची ती ताठर, लाकडात कोरल्यासारखी माणसं आवडतात. ती ठोसा मारतात तेव्हा तो लागल्यासारखा वाटतो.

फॉक 1999 मध्ये मरेपर्यंत लिहीत राहिला. डायनाला त्यानं 41 वर्षं ताटकळत ठेवलं. 1977 मध्ये लग्न लावलं, पाठोपाठ जुळी झाली. तिथून पुढचे अंक मी चाळले, पण जीव लावून वाचले नाहीत. वेताळानं संसार थाटायला नको होता.