चाप

संस्कृतांत ‘चाप’ म्हणजे धनुष्य. मराठींत मात्र बोटानें ओढतांच बंदुकीची गोळी सोडणाऱ्या लहानशा जिभेला हें नांव मिळालें. पस्तीस वर्षें मुलांकडून रूपें घोकवून घेतांना आम्हीं हा शब्द कितीदां तरी समजावून सांगितला. परंतु त्याचा हा दुसरा अर्थ बोटाला किती जड लागतो, याचा विचार करण्याची वेळ आम्हांवर उतारवयांत आली, आणि तीहि गतवर्षीं अमेरिकेंत टेक्सस राज्यांत.

आमचा पुतण्या व सूनबाई तेथें स्थायिक असून दोघेंहि त्या देशाचीं नागरिक आहेत. सूनबाई रुग्णालयाच्या औषधविभागांत रात्रपाळी करतात. पहाटे एकटीनें अंधारांतून मोटारीपर्यंत चालत जावें लागतें. त्यांच्या एका सहकारिणीवर त्याच वाटेवर हल्ला झाला, तेव्हांपासून आपणहि एखादें लहान पिस्तूल जवळ बाळगावें, असें त्यांच्या मनानें घेतलें. टेक्ससमध्यें १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्यानें अपात्र न ठरलेल्या एकवीस वर्षांवरील माणसास परवान्यावांचूनहि असें पिस्तूल बाळगतां येतें. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं परवाना मिळवितांना जोडे झिजतात. त्यामुळें नुसतें ऐकूनच आम्हांस धसका बसला. तरी सूनबाई म्हणाल्या, “काका, चला तर खरे. पाहून मग काय तें बोला.”

दुकानांत शिरतांच आम्हीं आपले हात पाठीमागें बांधून घेतले. प्रवासी म्हणून आलेल्या परदेशी माणसास, कांहीं अपवाद सोडल्यास, तेथील मध्यवर्ती कायद्यानें शस्त्र बाळगण्याची मनाई आहे. पाहण्यास मात्र मनाई नव्हती. दुकानदार वयानें आमच्याएवढा आणि वृत्तीनें शिक्षकच. प्रत्येक पिस्तूल रिकामें असल्याचें तो स्वतः पाही, सूनबाईंना पाहावयास लावी, आणि मगच त्यांच्या हातीं देई. रूपाकडे पाहूं नका, बोट काय म्हणतें तेवढें सांगा, असें त्याचें सांगणें.

पहिलें होतें ग्लॉक ४३, सन २०१५ मध्यें निघालेलें. त्याच्या चापाच्या मध्यभागीं एक बारीक पट्टी असते. बोट नीट टेकून ती दाबल्यावांचून चाप मागें जात नाहीं. पिस्तूल खालीं पडलें किंवा चापाच्या कडेला कांहीं अडकलें, तरी गोळी सुटूं नये, ही योजना. युक्ति उत्तम; पण ती पट्टी सूनबाईंच्या बोटाला टोचूं लागली. दुसरें स्मिथ ॲण्ड वेसन कंपनीचें २०१२ चें ‘शील्ड’. त्याचा चाप प्रथम मध्येंच बिजागरीसारखा मुडपतो व मग मागें सरतो. तीहि मोड त्यांना खटकली. याच कंपनीनें २०२१ च्या ‘शील्ड प्लस’मध्यें बिजागरी काढून चाप सरळ व चपटा केला आहे. तिसरें सिग सॉअरचें २०१८ चें ‘पी ३६५’. त्याचा चाप वांकदार व गुळगुळीत, ना पट्टी ना बिजागरी. शेवटचें पांच गोळ्यांचें लहान रिव्हॉल्व्हर. त्याचा चाप लांब आणि जड. परंतु विहिरींतून भरली घागर ओढावी तशी ती ओढ आरंभापासून अखेरपर्यंत सलग.

चापाच्या चालीचे चार भाग दुकानदारानें समजावून दिले. प्रथम थोडी मोकळी चाल. मग बोटाला अडण लागते. ती ओलांडली कीं चाप सुटतो. आणि बोट सैल केलें कीं तो पुढें येऊन पुन्हा सज्ज होतो. शार्दूलविक्रीडित म्हणतांना बाराव्या अक्षरावर यति येणार, हें जिभेला ठाऊक असतें, म्हणून श्वास चुकत नाहीं. तशीच ही अडण कोठें आहे, हें बोटाला ठाऊक झालें पाहिजे. ती अवचित सुटली तर हाताला हिसका बसतो आणि नेम चुकतो. बोटाच्या लांबीचाहि येथें संबंध येतो. पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर यावा; नुसतें टोकच पोंचलें किंवा बोट फार आंत गेलें, तर पिस्तुलाचें तोंड बाजूला सरकतें.

पुढें त्यानें काटा लावून ओढीचा भार मोजून दाखविला. लहान पिस्तुलांचा चाप सहा पौंडांच्या आसपास भरला, रिव्हॉल्व्हरचा बारांच्या जवळ. रिकामें पिस्तूल जेमतेम अर्ध्या किलोचें, आणि त्याचा चाप ओढावयास बळ मात्र अडीच किलोंहून अधिक! इतकी हलकी वस्तु इतक्या ओढीनें हालणारच. लपविण्यास जें सोईचें तें नेमास गैरसोईचें कां, हें आम्हांस तेथें उमगलें.

आम्हीं तत्काळ निकाल दिला, “सूनबाई, सर्वांत जड चापाचें घ्या. चुकून सुटण्याची भीति नको.” यावर दुकानदार हंसला. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनीं याच विचारानें कित्येक वर्षें बारा पौंडांचा चाप ठेविला होता, असें त्यानें सांगितलें. पुढें २०१२ सालीं तेथील एम्पायर स्टेट इमारतीसमोर एका खुन्याशीं चकमक झाली, तेव्हां नऊ वाटसरू पोलिसांच्याच गोळ्यांनीं व त्यांच्या उडालेल्या तुकड्यांनीं जखमी झाले. त्या वेळीं टीकाकारांनीं या जड चापाकडेहि बोट दाखविलें. सूनबाई हळूच म्हणाल्या, “काका, जड चापानें माझा नेम चुकला, तर ती गोळी कोणाला लागेल?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

मात्र घरीं परतल्यावर आमचा चार वर्षांचा नातू आईच्या पर्शींत चाकोलेट शोधतांना दिसला, आणि आमच्या पोटांत गोळा उठला. आयडाहो राज्यांत २०१४ च्या डिसेंबरांत अवघ्या दोन वर्षांच्या मुलानें आईच्या पर्शींतील पिस्तूल काढलें आणि त्याच्या गोळीनें ती माउली जागींच गेली. आईच्या बोटाला जें सुखाचें, तें मुलाच्या बोटालाहि साधतें.

त्या रात्रीं आम्हीं सूनबाईंना, आजवर कोणास न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. आमच्या शाळेंत मुख्याध्यापक छडी आपल्या कपाटांत कुलपांत ठेवीत. व्हरांडा ओलांडून, कारण सांगून ती आणावी लागे. वाटेंतच निम्मा राग ओसरे. ते निवृत्त झाल्यावर आम्हीं सोईसाठीं एक छडी मेजावरच ठेविली. मोठी हलकी, हाताला सुखाची होती ती. त्याच वर्षीं तिच्या फटक्यानें एका मुलाचें बोट मोडलें. वडिलांच्या आजारपणामुळें त्याचा अभ्यास राहिला होता, हें आम्हांस मागाहून कळलें. छडी जड असती तर आम्हीं थांबलों असतों, असें नव्हे. ती व्हरांड्यापलीकडे असती तर थांबलों असतों.

सूनबाई बराच वेळ गप्प बसल्या. पुढें त्यांनीं आधीं पोलादी पेटी आणली. खुणेच्या कळा ठराविक क्रमानें दाबल्या तरच ती उघडते. पंधरा दिवस अंधारांत ती उघडण्याचा सराव केला. मग चाप पुरता झांकणारें कडक म्यान घेतलें, पर्शींत पिस्तूल ठेवावयाचें नाहीं असा नियम केला, नेमबाजीच्या दालनांत भाड्याचीं पिस्तुलें चालवून पाहिलीं, आणि शेवटीं बोटाला मानवलेलें तें गुळगुळीत चापाचेंच घेतलें. आम्हीं हरकत घेतली नाहीं. अडण कोठें तरी असलीच पाहिजे. ती चापांत नको असेल, तर पेटींत व संवयींत हवी.

निघण्याच्या आदल्या दिवशीं नातवानें विचारलें, “त्या पेटींत काय आहे?” आमच्या ओठांवर ‘कांहीं नाहीं’ असें आलेंच होतें, पण सूनबाई खालीं बसल्या आणि त्याला म्हणाल्या, “त्यांत पिस्तूल आहे. त्यानें माणूस मरतो. तसलें कोठेंहि दिसलें तर हात लावायचा नाहीं, आणि मोठ्या माणसाला येऊन सांगायचें. काय करायचें, सांग बघूं?” त्यानें पाठ म्हणून दाखविला. त्यांनीं तो पुन्हा म्हणवून घेतला.