लाखाला बघू
सेकंडहँड गाडी विकणारा ‘रनिंग एकदम कमी आहे हो’ असं म्हणाला, की मी आधी टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागतो. बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करायला लावतो. ही सवय मला काकांच्या गाडीनं लावली.

काकांची डिझेल हॅचबॅक अकरा वर्षांची, पण मीटरवर जेमतेम ४० हजार किलोमीटर. निवृत्तीनंतर भाजी, बँक, दवाखाना आणि कधीमधी सातारा, एवढाच तिचा प्रवास. एरवी पार्किंगमध्ये कव्हरखाली. सर्व्हिसिंगला बेल्टचा विषय निघाला होता, तेव्हा ‘इतक्या कमी रनिंगला काही होत नाही, लाखाला बघू’ असं त्यांना सांगण्यात आलं. याचा मला अजूनही राग येतो. बेल्ट बदलण्याची मुदत किलोमीटरमध्ये असते तशी वर्षांतही असते, आणि दोन्हींतली जी आधी संपेल ती धरायची असते. गॅरेजवाल्याला हे ठाऊक नसेल तर कुणाला असणार?

खंबाटकी घाट चढताना इंजिन बंद पडलं. आधी खडखडाट नाही, धूर नाही. स्टिअरिंग एकाएकी जड झालं. काकांनी गाडी कशीबशी कडेला घेतली, मी उतरून मागच्या चाकाला दगड लावला. काकांनी सेल्फ मारला, तर इंजिन नेहमीसारखा जोर लावत फिरेना. नुसतंच हलकं भुर्रर्र वाजलं. वाईच्या एका मिस्त्रींना फोनवर तो आवाज ऐकवला, तर ते ओरडलेच, “काका, आता सेल्फला हात लावू नका! बेल्ट गेलाय.”

पिस्टन वरखाली होताना वॉल्व्हनी नेमक्या वेळी उघडायचं आणि मिटायचं, ही वेळ हा दातेरी रबरी पट्टा सांभाळतो. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांना कॅमशाफ्टची एक. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. बहुतेक डिझेल आणि बऱ्याच पेट्रोल इंजिनांत उघडा वॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेवर येतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट थांबतो, पिस्टन मात्र वर येतच राहतात आणि उघड्या वॉल्व्हवर आदळतात. प्रत्येक सेल्फनं नुकसान वाढण्याचीच भीती.

गाडी टो करून वाईला नेली. हेड उतरवल्यावर पिस्टनच्या माथ्यांवर वॉल्व्हच्या कडेच्या ताज्या, चकचकीत अर्धगोल खुणा दिसल्या. मिस्त्रींनी एकेक वॉल्व्ह काचेवर ठेवून बोटानं फिरवला. डोळ्यांना सरळ दिसणाऱ्या दांड्या काचेवर उचक्या देत फिरत होत्या. आठांतले सहा वाकलेले. पट्टा पूर्ण तुटलाही नव्हता. एका जागचे दाते सोलून निघाले होते. बाकी रबर वरून काळंभोर, पण वाकवलं की दात्यांच्या मुळाशी बारीक भेगा उघडत होत्या.

रबर उष्णतेनं आणि वयानं कडक होतं, गाडी चालो वा न चालो. शिवाय सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा मीटर थांबतो, बेल्ट फिरतच असतो. क्रँक किंवा कॅमच्या ऑइल सीलमधून गळती असेल तर तेलानं तो आणखी लवकर खराब होतो. म्हणून शहरात थोडीथोडकी फिरणारी, जपून वापरलेली गाडीच मला जास्त धोक्याची वाटते. भरपूर चालणाऱ्या गाडीचा आकडा निदान गॅरेजवाल्याच्या नजरेत भरतो.

सगळ्याच गाड्यांना पट्टा नसतो. स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेलला साखळी होती, डस्टरच्या १.५ लिटर डिझेलला बेल्ट. आपल्या इंजिनाला काय आहे आणि मुदत किती, हे मॅन्युअलमध्येच बघावं. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या कामाचा नाही. बेल्ट बदलताना टेन्शनर आणि आयडलरही नवे घालावेत, आणि वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही. त्यातलं एखादं बेअरिंग पुढे जाम झालं, तर कोरा बेल्टही त्याच्यासोबत जातो.

काकांच्या हेडचं काम, नवे वॉल्व्ह, गॅस्केट, मजुरी आणि टोइंग मिळून जे बिल झालं, त्यात बेल्टचा पूर्ण सेट कितीतरी वेळा बदलून झाला असता. मिस्त्रींनी नव्या बेल्टच्या कव्हरवर मार्करनं महिना आणि वर्ष लिहिलं. किलोमीटरचा आकडा लिहायचा राहिला म्हणून काकांनी आठवण केली, तर म्हणाले, “तुमच्या गाडीला त्याची गरज नाही.”