वणव्याचा तांडेल

मुरब्याच्या माणसाला पाण्याची भाषा उपजत येते. आगीची मात्र शिकावी लागते. आमच्या गावच्या पोराला भरती-ओहोटीची वेळ घड्याळात पाहावी लागत नाही. खारा वारा केव्हा सुटतो आणि मतलई केव्हा, हे त्याला पाढ्यांच्या आधी ठाऊक होते. पण हेच पोर फाल्गुन-चैत्रातल्या रात्री किनाऱ्यावरून पूर्वेकडे पाहते, दूरच्या डोंगराच्या अंगावर त्याला एक नागमोडी लाल रेघ दिसते, आणि "डोंगराने माळ घातली" असे म्हणून ते खुशाल जेवायला जाते. ती माळ म्हणजे वणवा. लांबून तो मोठा देखणा दिसतो. त्याच्या वाटेत पाडे असतात, गोठे असतात, पावसाळ्यात उगवलेली वीतभर रोपे असतात. ती मात्र इतक्या लांबून दिसत नाहीत.

मास्तरकीच्या निमित्ताने मला काही वर्षे पालघर-मनोरकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी राहावे लागले, तेव्हा ही माळ मी जवळून पाहिली. आणि तिथेच माझ्या ध्यानात आले, की आमच्या बोटीला जसा तांडेल लागतो, तसाच तो वणव्यालाही लागतो.

तांडेल म्हणजे काय, हे किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या वाचकांना थोडे सांगायला हवे. तांडेल हा बोटीचा नायक. तो बोटीचा मालक असेलच असे नाही, आणि खलाशांत सर्वांत धट्टाकट्टा तर बहुधा नसतोच. तो बोलतो कमी आणि पाहतो फार. दर्या एकाएकी उलटला, की "जाळे तोडा" असे दोनच शब्द तो उच्चारतो. त्या जाळ्यात एखाद्या घराची वर्षाची मिळकत गुंतलेली असते. तरीही खलाशी "का?" असे विचारीत नाही, कोयता उचलतो. ही आज्ञाधारकता तुफानाच्या दिवशी जन्माला येत नाही. दर्या शांत असताना शंभर फेऱ्यांत त्या माणसाचा शब्द खरा ठरलेला खलाशाने पाहिलेला असतो. तुफानाच्या दिवशी तांडेल ती साठवलेली पुंजी खर्च करतो, एवढेच.

ही पुंजी नसली म्हणजे काय होते, याची एक गोष्ट अमेरिकेतल्या माँटाना संस्थानात घडली. ५ ऑगस्ट १९४९ रोजी मान गल्च नावाच्या एका घळीत वणवा विझवायला विमानातून छत्र्या घेऊन पंधरा जवान उतरले. खाली आधीपासून आगीशी झुंजणारा एक वनरक्षक त्यांना मिळाला. असे सोळा झाले. त्यांचा नायक वॅग्नर डॉज हा जुना, जाणता माणूस होता. घळीच्या तोंडाशी आग अकस्मात त्यांच्या बाजूला आली आणि वाळल्या गवतातून चढणीला लागली. माणसे जीव घेऊन वर पळू लागली. आग आपल्याहून वेगाने धावते आहे, हे डॉजने ओळखले. त्याने हत्यारे टाकून द्यायला सांगितली. आणि मग खिशातून काडी काढून आपल्याच पुढचे गवत पेटवून दिले. ते गवत क्षणात जळून गेले. त्या राखेत तो स्वतः शिरला आणि "इकडे या" म्हणून साऱ्यांना हाका मारू लागला. जळून गेलेल्या जागी पुन्हा जळायला काही उरत नाही, म्हणून मोठी आग तिला वळसा घालून जाते, हा त्यातला हिशेब.

पण मागे आग लागलेली असताना पुढेही आग लावणारा माणूस पळणाऱ्याला वेडाच वाटणार. एकही जण त्या राखेत शिरला नाही. डॉज तोंडाला ओला रुमाल लावून पालथा पडून राहिला आणि वाचला. दोन तरुण माथ्यावरच्या खडकांतल्या फटीतून पलीकडे निसटले. बाकीचे तेरा जण गेले. पुढे त्या घटनेचा पुष्कळ अभ्यास झाला, आणि त्यातली एक गोष्ट मला फार लागली. ही माणसे एक तुकडी म्हणून पूर्वी कधी बरोबर कामाला गेली नव्हती. नायकाशी त्यांची म्हणावी तशी ओळखच नव्हती. डॉजची युक्ती खरी होती, पण तांडेलाचा शब्द पाळावा अशी पुंजी त्याच्यापाशी नव्हती. १९५७ साली तिथल्या वनखात्याने आग विझवणाऱ्यांसाठी दहा आज्ञा लिहून काढल्या: आग काय करते आहे याची सदैव खबर ठेवा, पळण्याची वाट आधी पाहून ठेवा, अशा. आज्ञा उत्तमच आहेत. पण विश्वास ठेवा, ही अकरावी आज्ञा लिहून पाळली जात नाही. ती आधी कमवावी लागते.

आता आपल्या डोंगरांकडे येऊ. आपल्याकडच्या पानगळीच्या रानात झाडांच्या शेंड्यांवरून धावणारी आग सहसा नसते. ती जमिनीवरून, पाचोळ्यातून सरपटत जाते. साग, ऐन असली मोठी झाडे बहुतेक तगतात. मरते ते पुढच्या पिढीचे रान: रोपे, कोंभ, पक्ष्यांची जमिनीवरची घरटी. दरसाल आग लागली, तर रान दिसायला हिरवे राहते, पण आत ते निपुत्रिक होत जाते. आणि ही आग आभाळातून पडत नाही. जवळजवळ सारे वणवे माणसाच्या हातून लागतात. कोणी मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतो, कोणाची अशी समजूत असते की जाळले म्हणजे गवत चांगले येते, कोणी शिकारीसाठी पेटवतो, तर कोणी विडी टाकून पुढे जातो.

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. परंतु ज्याच्यावर या कामाची धुरा आहे, त्याचा हंगाम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. पावसाळी गवत पिवळे पडू लागले, की जाळरेषा काढायच्या. रानाच्या कडेने, रस्त्यांच्या दुतर्फा, दोन खंडांच्या मधून गवताचे पट्टे कापायचे, कापलेले वाळू द्यायचे आणि थंडीतल्या शांत वाऱ्यात पहाऱ्याखाली जाळून टाकायचे. हंगामात आग आली, की त्या उघड्या पट्ट्याशी तिला खाद्य संपते. मग पाड्यापाड्यांतून आगीच्या राखणीसाठी हंगामी माणसे नेमायची, पाचोळा उडवणारी ब्लोअर यंत्रे दुरुस्त करून ठेवायची, आणि कोणत्या डोंगरावर कोणत्या वाटेने चढायचे हे ठरवायचे. हे काम पाहायला कोणी येत नाही.

मी होतो त्या बाजूला एक तरुण वनरक्षक नव्याने आला होता. घाटावरचा पोरगा, समुद्र त्याने तोवर चित्रातच पाहिलेला. पहिल्याच हिवाळ्यात तो जाळरेषेच्या कामावर मुकादमासारखा उभा न राहता स्वतः कोयता घेऊन वाकला. दुपारी वारली मजुरांबरोबर भाकरी खाई. तिथल्या एका पाड्यावर एक म्हातारबाबा होता. बाबाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या राब भाजायचे. भात-नागलीच्या रोपांसाठी जमिनीवर शेण, डहाळ्या, पाला, गवत यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि ते भाजून काढायचे, याला राब म्हणतात. बाबा राब पेटवी तो वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत सावकाश सरकते आणि जमीन सारखी भाजली जाते. साठ-सत्तर वर्षे ज्याने दरसाल अशी आग पेटवली आणि विझवली, त्याला आगीविषयी काय कळत नसेल! पण कधीकाळी या आगीपायीच त्याला तालुक्याच्या खेपा घालाव्या लागल्या होत्या, आणि तेव्हापासून खाकी कपडा दिसला की तो घरात जाई. या पोराने त्याला घराबाहेर काढले. कसे, ते मी विचारले नाही. पण हिवाळा संपता संपता दोघे एका बांधावर बसून वाऱ्याविषयी बोलताना मी पाहिले आहेत.

पुढे चैत्रात एका दुपारी आग लागली. डोंगराच्या पश्चिम अंगाला ती सुरू झाली आणि खाऱ्या वाऱ्याने तिला वर, पाड्याच्या दिशेने रेटले. वनरक्षक आणि आठ-दहा माणसे हिरव्या डहाळ्यांनी आगीचे तोंड झोडपीत होती. आम्ही काही जण पाण्याच्या कळशा घेऊन पाड्यावर पोहोचलो, तेव्हा बाबा काठी टेकीत गाडीवाटेवर उभा होता. तिथूनच तो ओरडला, "साहेब, पोरांना तिथनं काढा! आग चढणीला घोडा होते. तिच्या डोक्यावर उभं राहू नका!"

पोराने माणसे खाली, बाजूला घेतली. मग बाबा म्हणाला, "गाडीवाट झाडून काढा. दोन्ही अंगाचं गवत कापा. दिवस बुडाला की वारा पडेल. मग इथनं आग लावू."

क्षणभर कोणी बोलले नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे राखीव रानात आग लावणे हा गुन्हा आहे, आणि तो गुन्हा होऊ नये यासाठीच तर या पोराला सरकारने तिथे ठेवलेले. काही विपरीत घडले असते, तर कागदोपत्री त्याची नोकरी आणि बाबाची उरलेली वर्षे, दोन्हींचे काय झाले असते ते सांगायला नको. त्याने फोन करून वरिष्ठांना काय करतो आहोत ते कळवले. मग बाबाजवळ जाऊन तो एवढेच म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगाल तेव्हा." आणि खिशातली काडेपेटी त्याच्या हातावर ठेवली.

आम्ही वाट झाडली. बायका, शाळेतली मोठी मुले, सारे खराटे घेऊन लागले. धुराने डोळे चुरचुरत होते आणि वर आगीचा कडकडाट ऐकू येत होता. दिवस बुडाला. बाबाने चिमूटभर राख उडवून पाहिली. ती सरळ खाली आली. मग वाटेच्या कडेकडेने त्याने आग लावली. मागे आम्ही डहाळ्या घेऊन उभे, ठिणगी वाटेच्या अलीकडे पडली तर झोडपायला. ती आग वाटेपासून खाली सरकत गेली, मोठी आग वर येत होती. दोघी एकमेकींना भेटल्या, एकदा उंच उठल्या आणि बसल्या. पाडा वाचला.

मला पुष्कळदा प्रश्न पडतो, की त्या रात्री तांडेल कोण होता? आग समजणारा बाबा होता, यात शंका नाही. पण काडेपेटी त्याच्या हातावर ठेवणारा पोरगा नसता, तर बाबाचे शहाणपण बाबाजवळच राहिले असते. अशा कामाचा खरा नायक स्वतः सर्वांत शहाणा असावा लागत नाही. शहाणपण कोणाजवळ आहे, हे त्याला आग लागण्याआधी माहीत असावे लागते.

सरकारी आगनीतीला हेच फार उशिरा उमगले. आपल्याच मुलखात राबाची पाने-डहाळी तोडण्यावरून एवढे तंटे झाले, की ठाणे-कुलाब्याच्या जंगलांविषयी १८८५ मध्ये कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. रान एकाचे, आग दुसऱ्याची, असे एकदा ठरले की विझवायला तिसरा कोणी येत नाही. याच कायद्याच्या ७९ व्या कलमात, रानावर हक्क असणाऱ्यांनी वणवा विझवायला मदत केली पाहिजे, असे लिहिले आहे. परंतु ज्याला वर्षभर चोर म्हटले, तो एका कलमासाठी जीव धोक्यात घालील काय? अमेरिकेने १९३५ मध्ये असा नियम केला, की प्रत्येक वणवा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलाच पाहिजे. त्यामुळे लहान आगी विझल्या, पण रानात वाळले सरपण साठत गेले आणि मोठ्या आगी अधिक मोठ्या झाल्या. १९७८ मध्ये त्यांनी तो नियम सोडला. म्हणून आगीला मोकळे सोडावे असे मात्र नव्हे. आपल्या रानांना दरसालची आग मारकच आहे. केव्हा विझवायची आणि केव्हा, कुठे, किती लावायची, हे ज्याला कळते, त्याचे ऐकावे, एवढाच त्याचा अर्थ.

आता साधने पुष्कळ झाली. भारतीय वन सर्वेक्षण ही डेहराडूनची संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने वणवे हेरते आणि खबर थेट वनरक्षकाच्या फोनवर येते. त्यांतला एक डोळा तर सुमारे पावणेचारशे मीटरच्या चौकोनातली आग ओळखतो. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादईच्या रानात वणवे पेटले, तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतायला गेली. या सोयी असाव्यात. त्यांनी माणसे वाचतात. पण आग कुठे आहे हे उपग्रह सांगतो, बाबा कुठे राहतो हे सांगत नाही. आणि हेलिकॉप्टर येते, तेव्हा आग आधीच मोठी झालेली असते.

दिवाळी आली की आपण घरोघर आग आणतो. पणतीत तेल किती, वात केवढी, वारा कुठला, हे घरातली आजी पाहते आणि नातीच्या हाताला धरून तिला लावायला शिकवते. आगीला भिऊन पणती लावायची थांबलो नाही, आणि पणती लावली म्हणून घर पेटू दिले नाही. संसाराचे सारे शहाणपण त्या दोन गोष्टींच्या मध्ये आहे. याच दिवसांत डोंगरावरचे गवत पिवळे पडू लागते. सुट्टी सोडून एखादा वनरक्षक आत्ता कुठल्याशा पाड्यावर, कोणा म्हाताऱ्याच्या ओट्यावर चहा घेत बसला असेल. फाल्गुनात त्याचा डोंगर जळणार नाही. आणि न जळलेल्या डोंगराची बातमी कुठल्याही वर्तमानपत्रात येत नसते. म्हणून ती इथे लिहून ठेवली.