फीचं मी बघते

माझ्या आजीला बायबल वाचता येत नव्हते. रविवारी उपासनेला जाताना ती ते पदराखाली धरून नेई, पाळकसाहेबांनी अध्याय सांगितला की शेजारी बसलेल्या मुलीकडून पान काढून घेई आणि त्या पानावर हात ठेवून ऐकत राही. एकदा ऐकलेले ती विसरत नसे. रेव्हरंड टिळकांची भजने तर तिला इतकी पाठ होती की दळण संपे, भजने संपत नसत.

आमचे गाव नेवासे तालुक्यातले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केले आणि पुढच्या काही पिढ्यांत या भागातल्या गावकुसाबाहेरच्या कितीतरी वस्त्या ख्रिस्ती झाल्या. आमची वस्ती त्यांतलीच. आईवडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवले ते आजीने, दुसऱ्यांच्या शेतात खुरपून.

१९७२ साली मी मॅट्रिक झालो आणि त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली. नगरला अहमदनगर कॉलेजात जायचे माझ्या मनात होते. डॉ. हिवाळ्यांनी १९४७ साली काढलेल्या त्या कॉलेजचे नाव आमच्या वस्तीत आदराने घेतले जाई. पण पैसे कुठून आणायचे? एका भल्या गुरुजींनी वाट सुचवली. अनुसूचित जातींसाठी शिष्यवृत्ती होती. मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ लिहिणाऱ्याला ती मिळत नव्हती. पुढे त्या आदेशात दुरुस्ती होऊन १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेरच आहेत. गुरुजींचे म्हणणे एवढेच होते की त्या रकान्यात जुना धर्म लिहावा, मुलाचे भले होईल.

आजीने त्यांना चहा दिला, नीट ऐकून घेतले. मग म्हणाली, “गुरुजी, रोज ज्याचं नाव घेते त्याला कागदावर नाकारू? पेत्रावानी? मला न्हाई जमायचं. फीचं मी बघते.”

आणि तिने पाहिले. दुष्काळी कामावर ती खडी फोडायला गेली. साठीच्या आसपासची बाई, दिवसभर उन्हात हातोडी घेऊन बसायची. कामावर मिळणारी सुखडी स्वतः अर्धी खायची आणि उरलेली फडक्यात बांधून आणायची. घरात लाल मिलोच्या भाकरी, त्याही मोजून. हाताला फोड आले, ते फुटले, तिथे घट्टे पडले. पुढे कितीतरी वर्षे ती माझ्या तोंडावरून हात फिरवी तेव्हा ते घट्टे मला लागत. हे ऋण मी कशाने फेडणार होतो?

पण आजीचे मोठेपण मला याहून वेगळ्या गोष्टीत दिसते. आमच्याच वस्तीतल्या, आमच्याच मंडळीतल्या एका घराने आपल्या मुलाच्या अर्जावर जुना धर्म लिहिला होता. त्याला शिष्यवृत्ती मिळाली. मंडळीत कुजबुज सुरू झाली, कुणी त्या घराशी बोलेनासे झाले. आजीसमोर तो विषय निघाला तेव्हा ती कडाडली. “त्यांनी पोटासाठी लिवलं. त्यांची भूक तुम्ही भागवली व्हती का?” तो मुलगा आणि मी नगरला एकाच खोलीत राहत होतो. एसटीने आजीचा डबा यायचा, त्यात भाकरी दोघांच्या असायच्या. चटणीच्या पुड्या दोन, वेगवेगळ्या बांधलेल्या, कारण त्याला तिखट सोसत नसे हे तिच्या लक्षात होते.

स्वतःसाठी इतका कडक नियम आणि दुसऱ्यासाठी इतकी मोकळीक, हे एका माणसात कसे नांदते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. विश्वासाची किंमत तिने स्वतःच्या हाताने भरली. दुसऱ्याने ती भरली की नाही, याची चौकशी केली नाही. ख्रिस्ती प्रीतीवर मी पुढे बरीच प्रवचने ऐकली, पुस्तके वाचली. मला ती कळली त्या डब्यातून.

नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी तिला लुगडे आणले. तिने ते छातीशी धरले, प्रार्थना केली आणि आठवड्याच्या आत, अर्जावर जुना धर्म लिहिणाऱ्या त्याच घरच्या सुनेला बाळंतपणात देऊन टाकले. “माझ्यापाशी दोन हायेत की,” एवढेच म्हणाली.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच लोईस नावाच्या एका आजीची आठवण काढली आहे. तीमथ्याचा विश्वास आधी तिच्या ठायी होता, असे पौल सांगतो. एवढ्या मोठ्या प्रेषिताला तुरुंगात असताना एका आजीचे नाव लिहावेसे वाटले, हे मला फार मोलाचे वाटते.

आमच्याकडे लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, म्हणून नगरच्या ख्रिस्ती घरातली एक बाई महाराष्ट्राला कळली. खडी फोडणाऱ्या, खुरपणाऱ्या, अक्षर न येणाऱ्या आमच्या आज्यांचे लिहिणारे कुणी नव्हते. ज्यांच्या घरात अशी आजी अजून आहे, त्यांनी तिच्याजवळ बसावे, तिला विचारावे आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवावे.