लोकेशन प्लीज

रानफुलांचं पेज चालवणाऱ्या कुणालाही विचारा, त्याचा सगळ्यात जास्त वेळ कॅप्शन लिहिण्यात जात नाही, एका प्रश्नाला उत्तर देण्यात जातो. 'लोकेशन?' कधी पुढे 'प्लीज', कधी हात जोडलेले, कधी नुसतंच 'कुठे'. पेजला माझं नाव नाही, त्यामुळे बहुतेकांच्या लेखी मी पुरुष: 'सर, लोकेशन?' बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी हे पेज सांभाळते. हॅशटॅग किती लावावे, पोस्ट सकाळी टाकावी की रात्री, फोटोवर नाव कुठल्या कोपऱ्यात घालावं, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मला अजून न सुटलेली गोष्ट एकच. या प्रश्नाला नाही कसं म्हणायचं?

सगळ्याच फुलांसाठी नाही म्हणावं लागत नाही. सोनकी, तेरडा, कवला यांचे पत्ते मी खुशाल देते. कारवी सात वर्षांनी डोंगरच्या डोंगर फुलते, ती लपवून कुठे ठेवणार? अडचण खरपुडीची. आपल्या देशात खरपुडीच्या 50 हून अधिक जाती आहेत. त्यातल्या बऱ्याच पश्चिम घाटाबाहेर सापडत नाहीत आणि काहींचं सगळं बिऱ्हाड एकदोन किल्ल्यांच्या उतारांवर. फूल पाहिलं नसेल तर सांगते: खाली फुगीर, वर अरुंद नळी आणि टोकाला पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेला पिंजरा. म्हणून तिला कंदीलपुष्पही म्हणतात. नळीच्या आत खालच्या बाजूला वळलेले केस असतात. बारीक माश्या आत घसरतात, केसांमुळे वर येता येत नाही. केस कोमेजले की परागपुंज अंगाला चिकटवून बाहेर पडतात. असा फोटो टाकला की पाचव्या मिनिटाला 'लोकेशन?' येतोच. विचारणारा कोण असेल? वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी असेल, रविवारी वीस जणांची बस घेऊन निघणारा ट्रेक लीडर असेल, किंवा कंद उपटून कुंडीत लावणारा हौशी. प्रोफाइल फोटो तिघांचेही सारखेच असतात, किल्ल्याच्या बुरुजावर पाठमोरे.

यावर युक्त्या आहेत, आणि त्या करणारे सगळे एकमेकांना ओळखून असतात. फोटोत क्षितिज ठेवायचं नाही, कारण आपल्याकडचे ट्रेकर डोंगराची एवढीशी सोंड पाहून गडाचं नाव सांगतात. व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून मूळ फोटो पाठवायचा नाही, त्यात जीपीएसचे आकडे तसेच्या तसे जातात. फूल सुकून गेल्यावरच पोस्ट टाकायची. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींची नेमकी जागा आपोआप झाकली जाते, नकाशावर सुमारे 20 किलोमीटरचा चौकोन तेवढा दिसतो. इन्स्टाग्रामवर अशी सोय नाही, तिथे चौकोन आपणच व्हायचं. पण प्रत्येक युक्तीची किंमत मोजावी लागते. क्षितिज कापलं की फोटो कुंडीत काढल्यासारखा दिसतो. महिनाभर थांबलं की शेजारच्या पेजवाल्याने तेच फूल ढगांसकट टाकून वाहवा लुटलेली असते. आणि इतकं करून गंमत अशी की शोधनिबंधांत गडाचं नाव राजरोस छापलेलं असतं. ज्याला खरंच शोधायचं तो शोधतोच.

तरी उत्तर द्यावंच लागतं, कारण ते विचारणाऱ्यासाठी नसतं. तिथे कधीच काही न लिहिता येणारेजाणारे शेकडो लोक असतात, ते वाचत असतात. कॅप्शन कुणी पूर्ण वाचत नाही, भांडण मात्र सगळे वाचतात. उत्तर दिलंच नाही तर माणूस शिष्ट ठरतो. 'इनबॉक्स करा' म्हटलं तर दुकान थाटल्यासारखं वाटतं. 'निसर्ग वाचवा, जागा विचारू नका' असं ठणकावलं की ज्यांना राहायला हवं होतं तेच आधी निघून जातात. शाळेतले शिक्षक, वनरक्षक, गावाकडची मुलं. जे टाळ्या वाजवायला थांबतात त्यांना फुलाशी देणंघेणं नसतं, त्यांना कुणाला तरी झापलेलं आवडतं. मी कितीतरी वर्षं एक वाक्य घासून घासून गुळगुळीत केलं होतं: 'संवर्धनाच्या दृष्टीने नेमकी जागा जाहीर करत नाही, क्षमस्व.' बँकेच्या नोटीस बोर्डावर शोभेल असं. त्यातल्या 'क्षमस्व'चा मला अभिमान होता.

आता थोडं इतरांबद्दल. 2020च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स आणल्या, आणि आमच्या क्षेत्राचा नूर पालटला. ड्रोन वर गेला, ढोल वाजला, खाली अक्षरं उमटली: 'महाराष्ट्रातला हा स्वर्ग तुम्हाला माहीत आहे का?' माहीत नव्हता, आता झाला. पुढच्या शनिवारी तिथे गाड्यांची रांग. कासचं पठार 2012 साली जागतिक वारसा यादीत गेलं, पश्चिम घाटाच्या 39 ठिकाणांतलं एक म्हणून. तिथे दिवसाला 3,000 माणसांची मर्यादा घालावी लागली, ऑनलाइन बुकिंग आलं. ज्या पठारांना ना पहारा ना तिकीट, तिथे काय होत असेल? रीलवाले मला लोकेशनवरून कंजूष म्हणतात. मी त्यांना काय म्हणते ते छापण्याजोगं नाही. एक मात्र कबूल करते, ते लोकांना पटकन उत्तर देतात आणि नावानिशी देतात. आमच्यातले अभ्यासू लोक लॅटिन नाव टाकतात आणि गायब होतात.

त्याआधीचे फेसबुकचे गट आठवतात. कुणीतरी अर्ध्या पानाचा धूसर फोटो टाकायचं आणि रात्री उशिरापर्यंत वाद चालायचा. देठावर लव आहे का, पान समोरासमोर आहे का, उद्या परत जाऊन मागची बाजू बघा. दुसऱ्या दिवशी माणूस खरंच परत जायचा. आता खाली 'नाईस क्लिक' आणि चार बदाम. 'तुम्ही मला फॉलो करा, मी तुम्हाला करतो' असे निरोप येतात, ते मी पाहून सोडून देते. असे जमवलेले फॉलोअर लग्नात जेवून जाणाऱ्या अनोळखी पाहुण्यांसारखे, मोजणीला हजर, आहेर देताना गायब.

एवढं बोलून मी आकडा बघत नाही असं समजू नका. सकाळी चहाच्या आधी बघते. दहा कमी झाले की कोण गेलं असेल याचा विचार दुपारपर्यंत पुरतो. त्याहून वाईट म्हणजे, जागा लपवण्यात मला सुख वाटतं. 'तुम्हालाच माहीत असणार' असं कुणी लिहिलं की मी मोहरते. एखाद्याने आधी दोनचार फोटोंचं मनापासून कौतुक केलं आणि मग हळूच इनबॉक्समध्ये विचारलं, तर त्याला मी गडाची कुठली बाजू तेही सांगून मोकळी झालेली आहे. संवर्धनाची दृष्टी तेव्हा कुठे जाते कोण जाणे. 'सर' म्हणणाऱ्यांनाही मी सुधारत नाही. सरांना लोक जरा घाबरून असतात, ते बरं वाटतं.

यंदा गुडघ्याने चढ नाकारला. अकोले तालुक्यातली एक मुलगी पुण्यात शिकते, माझ्याबरोबर दोन पावसाळे हिंडलेली. आता ती फोटो काढते आणि मी घरी बसून लिहिते. श्रावणात तिने एका खरपुडीचा फोटो पाठवला. नळी हिरवट, पिंजऱ्याच्या काड्या जांभळ्या, एका काडीवर पाण्याचा थेंब आणि थेंबात उलटं आभाळ. ही जात मी पूर्वी पाहिली की नाही, आठवेना. मी लगेच टाइप केलं: 'कुठे मिळाली?'

तिचं उत्तर आलं: 'काकू, जागा नाही सांगता येणार. वाडीतली आजी गुरं नेते त्या वाटेवर आहे. तिला विचारलं, फोटो टाकू का. म्हणाली टाक, पण माणसं आणू नको. मागच्या पावसात फुलं बघायला आलेले तिच्या नागलीतून चालत गेले.'

मला राग आला, सरळ सांगते. मला? जिचं पेज तिला? थोड्या वेळाने वेगळंच टोचू लागलं. तिचा नकार मला पटला होता, आणि माझी 'संवर्धनाची दृष्टी' इतक्या वर्षांत कुणाला पटली असेल असं वाटेना. माझ्या वाक्यात माणूसच नव्हता. मी फुलाची मालकीण असल्यासारखी नाही म्हणत होते. ती नाही म्हणाली ते आजीच्या वतीने, आणि आजीच्या नागलीच्या वतीने. ज्या वाडीला त्या उताराचा दगडन् दगड ठाऊक आहे, तिच्यापासून मी काय लपवणार? लपवत होते ते माझ्यासारख्या शहरातल्या माणसांपासून, आणि त्यांनी मला मान द्यावा म्हणून.

फोटो टाकला. 'लोकेशन?'ला नवं उत्तर लिहिलं: 'जागा वाडीतल्या लोकांच्या वाटेवर आहे, त्यांनी माणसं आणू नका सांगितलंय. फुलाबद्दल काहीही विचारा.' लगेच एकाने विचारलं, 'कुठली वाडी?' दुसऱ्याने, 'आजींचा नंबर मिळेल का?' म्हणजे प्रश्न सुटला असं म्हणवत नाही. पण त्याखाली घाटावरच्या एकाने लिहिलं की त्यांच्याकडे गुराखी पोरं खरपुडीचे कंद कच्चेच खातात. मग दुसरा म्हणाला, साळिंदर आधी खातं, पोरांना उरतात कुठे. संध्याकाळपर्यंत तिथे कंदांवर वाद रंगला होता, अगदी जुन्या गटांतल्यासारखा. आकडा वाढला नाही. थोडा उतरला.

तेव्हा पेजवर यायचं असेल तर या. सोनकीचा पत्ता मागा, गाडी कुठे लावायची तेही सांगेन. खरपुडीचा मागितलात तर नाही म्हणेन, आणि कुणासाठी नाही म्हणते तेही सांगेन. कंद उपटून गॅलरीतल्या कुंडीत लावायचा बेत असेल, तर मात्र मला फॉलो करू नका.